फर्स्ट इयरच्या पोट्ट्यांना सोळा मार्कांचं उत्तर लिहायला कसं शिकवायचं

नागपुरात बर्डीवर मोर भवन बसस्टँडच्या बाहेर तुम्हाला कोणी विचारलं, भाऊ दीक्षाभूमीला कसं जायचं, तर तुम्ही काय सांगता? इकडून सरळ जा, तिकडे वळा, नाहीतर ऑटो करा, संपलं. "नागपूर हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली वसवले, नाग नदीच्या काठी वसलेले हे शहर..." असं कोणी सुरू करत नाही, केलं तर विचारणारा तोवर निघून गेलेला असतो. पण बीए फर्स्ट इयरचे आपले पोट्टे पेपरात नेमकं हेच करतात, प्रश्न काहीही असो, आधी प्रस्तावना, मग भारत प्राचीन काळापासून, मग इंग्रज व्यापाराच्या निमित्ताने आले, आणि दीड पान झाल्यावर कुठेतरी मूळ प्रश्नाची आठवण येते.

मी इतिहास शिकवते, नागपुरातच, मराठी माध्यमाला. वर्गात अर्धी पोरं काटोल, उमरेड, हिंगणा, कामठीकडून येणारी, एसटीचा पास खिशात, पहिल्या तासाला उशीर ठरलेला. सुरुवातीची बरीच वर्षं मी सगळे करतात तेच करायची, नोट्स डिक्टेट करायच्या, "महत्त्वाचे" म्हणून स्टार मारायला लावायचे, आणि पेपर तपासताना कपाळावर हात मारून घ्यायचा. नंतर लक्षात आलं की पोरांना माहिती कमी पडत नाही, उलट जास्तच होते, कारण आपण त्यांना फक्त माहितीच दिलेली असते. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं हे त्यांना कोणी करून दाखवलेलंच नसतं. बारावीपर्यंत जोड्या लावा, टिपा लिहा, सकारण स्पष्ट करा यात निभावून जातं, मोठं उत्तर एखादंच असतं आणि ते पाठ केलेलं चालतं. मग एकदम सोळा मार्कांचा प्रश्न समोर येतो आणि पोरगं गाइड आठवायला लागतं.

तर मी आता काय करते ते सांगते, तुमचा विषय राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी काही असला तरी थोडाफार फरक करून चालतं.

पहिल्या तासाला लिहायला लावतच नाही, तपासायला लावते. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं स्वतः बनवून झेरॉक्स काढून आणते. पहिलं उत्तर साडेतीन पानं, अक्षर मोत्यासारखं, निळा-काळा पेन, खाली स्केलने रेघा, प्रस्तावना आणि उपसंहार चौकटीत. दुसरं दोन पानं, अक्षर कोंबडीचे पाय, पण प्रश्नाला धरून. सांगते, तुम्ही एक्झामिनर आहात, एका उत्तराला दोन मिनिटं, सोळापैकी मार्क द्या. जवळपास सगळा वर्ग पहिल्याला जास्त देतो, दरवर्षी. मग म्हणते, आता पेन्सिल घ्या आणि प्रश्नाचं सरळ उत्तर देणाऱ्या ओळी तेवढ्या अधोरेखित करा. पहिल्या उत्तरात साडेतीन पानांत चार ओळी निघतात, दुसऱ्यात अर्ध्याहून जास्त. वर्ग शांत होतो, आणि मागच्या बेंचवरून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, म्हंजे आपण आतापर्यंत भैताडासारखं लिहून राहिलो होतो का?" हे आपण लेक्चर देऊन सांगितलं असतं तर पटलं नसतं, स्वतः मार्क देऊन स्वतःच परत खोडावे लागले की पटतं.

दुसरा तास फक्त प्रश्न वाचायचा. उत्तर नाही लिहायचं, प्रश्न वाचायचा. मी बोर्डावर हा लिहिते: "दत्तक वारस नामंजूर करण्याच्या धोरणामुळेच १८५७ चा उठाव झाला. चर्चा करा." (राजाला स्वतःचा मुलगा नसला तर दत्तक मुलाला वारस न मानता राज्य इंग्रजांनी घ्यायचं, असं ते धोरण.) आणि विचारते, यात सगळ्यात महत्त्वाचं अक्षर कोणतं? पोरं म्हणतात १८५७, दत्तक, उठाव. मी म्हणते अक्षर विचारलंय, शब्द नाही. दोन-तीन मिनिटं गोंधळ, मग एखादी पोरगी हळूच म्हणते, "च?" हो, च. "धोरणामुळे" आणि "धोरणामुळेच" यात सगळा पेपर आहे. "धोरणामुळे" असतं तर धोरण काय होतं, त्याने असंतोष कसा वाढला एवढं लिहून भागलं असतं, "मुळेच" म्हटलं की पेपर काढणारा आपल्याला डिवचून राहिला आहे, की बाबा हे एकच कारण होतं का, तू मान्य करतो का नाही? मराठीत पेपर लिहिण्याचा हा मोठा फायदा आहे, एका अक्षराने प्रश्न फिरतो, आणि तेच एक अक्षर पोरं वाचत नाहीत. च सारखेच "केवळ", "प्रामुख्याने", "कितपत", "खऱ्या अर्थाने" हेही शब्द, दिसले की गोल करायचे.

मग शेवटचं क्रियापद. वर्णन करा, कारणे सांगा, चर्चा करा, मूल्यमापन करा, तुलना करा, सगळ्याला पोरं एकच उत्तर लिहितात. हे समजवायला मी आपल्या घरचंच उदाहरण घेते, नागपूरचं भोसल्यांचं राज्य. वर्णन करा म्हणजे काय झालं ते सांग, डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी गेले, मुलगा नव्हता, १८५४ मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने राज्य खालसा केलं, राजवाड्यातल्या वस्तू आणि जडजवाहिरांचा लिलाव झाला. कारणे सांगा म्हणजे काहून केलं ते सांग, दत्तकाचा नियम हे वरचं कारण, आणि खाली कापसाचा मुलूख, मुंबई-कलकत्त्याच्या मधली जागा, महसूल. मूल्यमापन करा म्हणजे निकाल दे, डलहौसीने कायद्याने केलं का कायदा नुसता नावाला होता, त्यातून इंग्रजांना काय मिळालं, काय अंगाशी आलं. तुलना म्हटलं तर आधी सगळी झाशी आणि मग सगळं नागपूर असं नाही, एकेका मुद्द्यावर दोघांना शेजारी बसवायचं. एवढं एकदा घरच्या गोष्टीवर झालं की बाकी कुठेही लावता येतं. टीप लिहा मध्ये मी फार वेळ घालवत नाही, ते त्यांना येतं.

यानंतरचा भाग माझ्या मते सगळ्यात कामाचा आहे आणि सगळ्यात कमी केला जातो, तो म्हणजे तोंडी. आपल्या पोरांची खरी अडचण भाषेची आहे. मराठी येत नाही असं नाही, मराठी दोन आहेत, एक बोलायची आणि एक गाइडची, आणि त्यांना वाटतं पेपरात गाइडचीच चालते. मागच्या वर्षी एक पोरगा, काटोलकडचा, त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं, पेपरात त्याने लिहिलं होतं: "सदर धोरणामुळे भारतीय समाजमनावर विपरीत परिणाम होऊन असंतोषाची ठिणगी पडली व त्याचे रूपांतर वणव्यात झाले." मी म्हटलं, बाबू, हे म्हणजे काय रे? तो गप्प. म्हटलं, हे राहू दे, घरी आजीला सांगतो तसं सांग, राजे लोक काहून चिडले? आणि तो जो सुटला, "मॅडम, कसं हाय, त्याहिले पोरगं नव्हतं तं त्याहिनं दत्तक घेतलं, आपल्याकडं दत्तक म्हंजे पोरगंच असते ना, पण इंग्रज म्हने आमी नाही मानत, तुमचं राज्य आता आमचं. आता तुमच्या वावरावर कोणी असा हक्क सांगतला तं तुमी गप बसान का?" मी म्हटलं, आता हेच प्रमाण मराठीत लिही. त्याने लिहिलं: "हिंदू परंपरेत दत्तक मुलाला सख्ख्या मुलाचे सर्व हक्क असतात. डलहौसीने हे हक्क नाकारले. त्यामुळे इतर संस्थानिकांनाही आपले राज्य सुरक्षित वाटेना." तीन ओळी, ठिणगी नाही, वणवा नाही, आणि मुद्दा पूर्ण. तेव्हापासून माझ्या वर्गात नियम आहे, लिहायच्या आधी बाजूच्याला एक मिनिट तोंडी सांगायचं, तेही घरच्या बोलीत, बाजूच्याला समजलं तरच पेन उचलायचा. सदर, उपरोक्त, अनन्यसाधारण हे शब्द दिसले की मी पेन्सिलने नुसतं प्रश्नचिन्ह काढते. अलंकारिक वाक्यांवर माझं एवढंच म्हणणं आहे की पोह्यावर तर्री पाहिजे, पण प्लेटीत पोहे आहेत का ते आधी पाहा.

आता कच्चं काम. पोरांना वाटतं विचार करत बसलो तर वेळ जाईल, म्हणून पेपर हातात पडला की सुटतात. मी चार मिनिटं सक्तीने पेन्सिलच घ्यायला लावते, पेन बेंचखाली. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर वर "कच्चे काम" लिहायचं, जे आठवेल ते शब्दाशब्दात टाकायचं, नंतर त्यावर आडवी रेघ मारून द्यायची. वरच्या प्रश्नाला वर्गाकडून बोर्डावर आलेली यादी अशी असते: सातारा १८४८, झाशी, नागपूर, अवध, नानासाहेबांची पेन्शन, काडतुसं, मेरठ १० मे, मंगल पांडे, प्लासी, रेल्वे, सतीबंदी, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा. मग मी म्हणते आता कापा. जे "मुळेच" ला हो म्हणतं ते एका बाजूला, जे नाही म्हणतं ते दुसऱ्या बाजूला, जे कुठेच जात नाही ते बाद. प्लासी बाद. राणीचा जाहीरनामा १८५८ चा, उठावानंतरचा, कारणात कसा येईल, बाद. (यावर दरवर्षी एकजण हळहळतो कारण त्याचा जाहीरनामा पाठ असतो. पाठ आहे म्हणून लिहायचं नसतं हे गिळायला जड जातं.)

अवधवर थांबा, इथे सगळे घसरतात. अवध १८५६ मध्ये खालसा झालं पण दत्तकाच्या मुद्द्यावर नाही, गैरकारभाराच्या आरोपावर. म्हणजे पोट्टे ज्याला आपल्या बाजूचा पुरावा समजून लिहून राहिले तो उलट बाजूचा निघतो. नानासाहेबांचं तिसरंच, तिथे राज्य नव्हतंच, शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याची पेन्शन दत्तक मुलाला नाकारली, म्हणजे मुद्दा दत्तकाचाच पण खालसाचा नाही. आणि नागपूर तर फारच भारी उदाहरण आहे, राज्य इथलं गेलं, लिलाव इथे झाला, पण जून १८५७ मध्ये इथल्या घोडदळाचा बेत फसला आणि ज्येष्ठ राणी बांकाबाईंनी भोसले घराण्याला उठावात पडू दिलं नाही. खालसा झालं की उठाव होतोच असं असतं तर मग नागपूर पेटायला पाहिजे होतं. महाल भागातून रोज येणाऱ्या पोरीला हे आपल्या गावचं म्हणून लक्षात राहतं, आणि तपासणाऱ्यालाही शंभर कॉप्यांत नागपूरचं उदाहरण दिलेली कॉपी वेगळी दिसते.

यादी झाली की पहिल्या दोन ओळी. माझ्याकडे प्रस्तावना या शब्दावर बंदी आहे. "मॅडम, प्रस्तावना नाही लिहिली तं मार्क नाही कापत का?" हा प्रश्न येतोच, मी सांगते पहिल्याच परिच्छेदात तुझं उत्तर दिसलं तर तीच प्रस्तावना. एका पोरीची तीन ड्राफ्टं मी जपून ठेवली आहेत, तिला विचारूनच वर्गात वाचते. पहिलं: "इ.स. १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना झाली." दुसरं: "१८५७ च्या उठावाची अनेक कारणे होती, त्यापैकी दत्तक नामंजूर हे एक होय." हे बरं आहे पण यात तिने स्वतःला वाचवलं आहे, कोणाच्याच बाजूने बोलली नाही. तिसरं: "दत्तक नामंजूर धोरणामुळे झाशीची राणी आणि नानासाहेब उठावात उतरले हे खरे आहे. पण उठाव सुरू केला तो मेरठच्या शिपायांनी, अवध दत्तकाच्या कारणाने गेलेच नव्हते आणि राज्य गमावूनही नागपूरचे भोसले शांत राहिले. म्हणून हे धोरण एक मोठे कारण होते, एकमेव नव्हे." बघा, इथेच उत्तर झालं. पुढची तीन पानं फक्त या तीन वाक्यांचा हिशेब द्यायचा आहे, प्रत्येक तुकड्याला एक परिच्छेद, क्रमही ठरून गेला. पोरांना हे उलटं वाटतं, गोष्टीचा शेवट आधीच कसा सांगायचा, सिनेमाची मजा जाते ना. म्हणते, बाई, तपासणारा सिनेमा पाहायला बसलेला नाही, मे महिन्यात कूलरसमोर गठ्ठा घेऊन बसला आहे आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

परिच्छेदासाठी एकच युक्ती. प्रत्येक परिच्छेद संपला की समासात पेन्सिलने "मग?" लिहायचं आणि त्याचं उत्तर परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात आहे का बघायचं. "१८५४ मध्ये झाशी खालसा करण्यात आली." मग? "राणीने आधी अर्ज-विनंत्या करून पाहिल्या, त्या फेटाळल्या गेल्या." मग? "म्हणजे झाशीपुरता तरी हा धोरणाचा थेट परिणाम होता." हां, आता संपला परिच्छेद. मग? ला उत्तर नसेल तर ती नुसती माहिती आहे.

वेळेचं गणित मात्र बोर्डावर आकड्यात मांडा, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. समजा पेपर ८० मार्कांचा, तीन तास, म्हणजे १८० मिनिटं. दहा मिनिटं पेपर वाचायला, दहा शेवटी परत पाहायला, उरले १६०. म्हणजे एका मार्काला दोन मिनिटं, सोळा मार्काला बत्तीस. त्यातली चार कच्च्या कामाची, राहिली अठ्ठावीस. आता पोरांना पाच मिनिटं सलग लिहायला लावा आणि शब्द मोजायला सांगा. माझ्या वर्गात बहुतेकांचे साठ-सत्तर भरतात, दिवसभर अंगठ्याने टाइप करणारी पोरं आहेत, हाताने लिहायची सवय गेली, वरून देवनागरी, काना-मात्रा-शिरोरेषा. साठ-सत्तरच्या हिशेबाने अठ्ठावीस मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास शब्द होतात, बस. हा आकडा स्वतःच्या हाताने मोजून निघाला की पोरगं स्वतःच म्हणतं, "मॅडम, मंग प्लासीची लढाई कुठं बसवू?" तेच तर मी महिनाभर सांगून राहिली होती ना. हे गणित पाहिल्यावर "मॅडम किती पुरवण्या लावायच्या" हा प्रश्नही बंद होतो, निदान महिनाभर तरी.

तपासण्याबद्दल, कारण इथेच आपण हरतो. एकशे वीस पोरं, वरून बरेच जण तासिका तत्त्वावर, दोन-दोन कॉलेज करणारे, रोज पूर्ण उत्तर तपासायला कोणाला वेळ आहे? तर पूर्ण तपासूच नका. एका आठवड्यात फक्त पहिला परिच्छेद लिहून आणायला सांगा, पाच ओळी, एका कॉपीला अर्धं मिनिट. दुसऱ्या आठवड्यात फक्त कच्चं काम. तिसऱ्यात एकच परिच्छेद, "मग?" सकट. पूर्ण उत्तर महिन्यातून एकदा, आणि त्यावर लाल पेनाने सगळ्या चुका काढू नका, एकच गोष्ट लिहा, "तुझं उत्तर तिसऱ्या पानावर सुरू झालं", एवढंच. ऱ्हस्व-दीर्घाच्या वीस चुका काढल्या की पोरगं तेवढंच दुरुस्त करतं आणि विचार होता तिथेच राहतो. शुद्धलेखन सोडून द्या असं मी म्हणत नाही, पण सप्टेंबरात नका पकडू, दिवाळीनंतर पकडा.

पेन, समास, मथळ्याखाली रेघ, उपप्रश्नांचे नंबर बरोबर टाकणे, नवीन प्रश्न नवीन पानावर, हे एका तासात सांगून होतं, त्यावर जास्त बोलत नाही. एकच सांगते, चुकलेलं एका रेघेने खोडा, गिचमिड करून पानाला भोक पाडू नका.

शेवटी परीक्षेच्या पंधरा दिवस आधी एका रविवारी वर्ग उघडून घ्या, शिपाईदादांना आधी सांगून ठेवा, आणि पूर्ण तीन तासांचा पेपर बसवा, फोन बाहेर पिशवीत. मार्क देऊ नका, फक्त घड्याळ लावा आणि दर बत्तीस मिनिटांनी बेंचवर टकटक करा, पुढचा प्रश्न, मागचा अर्धा राहिला तरी सोडा, खाली चार ओळी मोकळ्या ठेवा. पहिल्या टकटकीला कोणीच लिहिणं थांबवत नाही, तिसरीपर्यंत थांबवायला लागतात. आणि शेवटची पाच मिनिटं उरली आणि एक प्रश्न पूर्ण बाकी असेल तर काय करायचं तेही त्याच दिवशी करून घ्या: दोन ओळींत सरळ उत्तर आणि खाली चार मुद्दे, नंबर टाकून. कोरं पान ठेवलं तर शून्य नक्की आहे, चार मुद्दे असले तर तपासणाऱ्याला काही देता तरी येतं. हे ऐकून मागच्या वेळी एक पोरगी म्हणाली, मॅडम, मग सगळेच प्रश्न असे चार मुद्द्यांत लिहिले तर? मी म्हटलं, बेटा, आधी तू "चर्चा करा" चा अर्थ परत सांग. तिने डोळे फिरवले आणि कच्च्या कामाचं पान उघडलं.